नर्सबाईंचा परवाना

नर्सबाई आमच्या कचेरीत कधी बसल्या नाहीत. खुर्ची पुढे केली की म्हणत, "बसले की तुम्ही मला विसरता." हातात कागदांची पिशवी घेऊन त्या माझ्या टेबलासमोर ताठ उभ्या राहत. मी म्युनिसिपालटीत कारकून होतो. मिठाचा सत्याग्रह होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील.

बाई बालविधवा. मुंबईत सुईणपणाचं शिक्षण घेऊन आमच्या बंदराच्या गावी परतल्या होत्या. देवळामागच्या आळीत घर भाड्याने घेऊन त्यांना चार खाटांचं सूतिकागृह काढायचं होतं.

"आणखी काय हवं, ते एकदाच सांगा," असं त्या दर खेपेला म्हणत. एकदाच आम्ही कधी सांगितलं नाही. आधी मोरीचं पाणी विहिरीपासून लांब न्यायला सांगितलं. त्यांनी चर खणून घेतला. मग अलिबागच्या सरकारी डॉक्टरांचा दाखला मागितला, तोही आणला. शेवटी आळीकरांचा अर्ज आला, की बायकांचं ओरडणं पोरांच्या कानी पडेल, रोजचं सोयर होईल. तो सभेपुढे ठेवायचं ठरलं आणि सभा लांबत गेली. परवान्यावाचून बाळंतीण घरात घेऊ नये, ही नोटीस मीच त्यांच्या हाती दिली. सही करताना त्या म्हणाल्या, "कळा काही तुमच्या सभेसाठी थांबत नाहीत, भाऊसाहेब."

भाद्रपदात एका कोळ्याने बायकोला बैलगाडीतून आणलं. दोन दिवस अडली होती. नर्सबाईंनी तिला आत घेतलं. पोरगी जगली, आई रक्त जाऊन गेली. लगेच आळीकरांची तक्रार आली. चार महिने न भरलेली सभा आठवड्यात भरली आणि परवाना नामंजूर झाला.

तो कागद मी लिहिला, सुवाच्य अक्षरात. बाईंनी तो उभ्यानेच वाचला. "महिन्यापूर्वी ती दाखवायला आली होती," त्या हळू म्हणाल्या. "मूल आडवं आहे का, ते तेव्हाच कळलं असतं. पण तुमची नोटीस होती. मी म्हटलं, परवाना आला की ये." दोन दिवसांनी त्या मुंबईच्या बोटीत बसल्या. पुन्हा आल्या नाहीत.

दिवाळीनंतर तो कोळी लेक छातीशी धरून कचेरीत आला.

"पोरगी तापलीय. नर्सबायच्या घराला कुलूप हाय. कुठं गेल्या त्या?"

"गाव सोडून गेल्या."

"का वो?"

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो. पोरगी कण्हत होती.

"आम्ही घालवल्या," मी म्हणालो.

पोरीचं डोकं फडक्याने झाकून तो भर उन्हात निघून गेला.