अप्पाजींनी लपवलेली फीत

अप्पाजी शिंप्यांइतका सरळ अशील मला वकिलीत पुन्हा भेटला नाही, आणि विठ्ठलाच्या कृपेनं भेटूही नये. अशा माणसांवर वकिलाची चूल पेटत नाही.

तमिळ मुलखात, सारंगपाणी कोविलच्या म्हणजे देवळाच्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. कोटाचं अस्तर बंद करण्याआधी कात्री, सुई, खडू, बोटातलं अंगुस्तान आणि कापडाचे तुकडे मोठ्यानं मोजायचे, ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या आजोबांनी कुणा सरदाराच्या कोटात अंगुस्तान शिवून टाकलं होतं आणि ते त्याला स्वतःच्या लग्नात दिवसभर टोचत राहिलं. तेव्हापासून हे मोजणं सुरू झालं. गिऱ्हाइकं हसत. अप्पाजी हसण्याकडे कानाडोळा करून पुन्हा पहिल्यापासून मोजत.

पंचावन्न साली डॉक्टर स्वामीनाथांनी आपल्या दवाखान्यात त्यांचं अपेंडिक्स काढलं. जखम भरली, पण कुशीतलं दुखणं जाईना. मशीनचं पायडल दाबवेना, म्हणून ते हातशिलाई करत बसले. एकादशीच्या भजनात झांजा घेऊन नाचणारा हा माणूस खांबाला टेकून बसू लागला, हे पाहून मला फार वाईट वाटे. डॉक्टर म्हणत, वायू आहे. शेवटी दहाव्या महिन्यात तंजावरच्या एका डॉक्टरांनी पोट पुन्हा उघडलं आणि वीतभर कापडाची घडी बाहेर काढली. रक्त टिपायला पोटात ठेवतात तसली. अप्पाजींनी ती मागून घेतली, धुतली, वाळवली आणि हिंडण्याफिरण्याइतकं बरं वाटताच माझ्याकडे आणली.

मी त्यांना वाटा सांगितल्या. हयगयीबद्दल फौजदारी फिर्याद करता येईल, मद्रासला मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येईल, किंवा नुकसानभरपाईचा दिवाणी दावा. दाव्याला मुदत एका वर्षाची, आणि वर्ष भरायला उरले होते अकरा दिवस. अडचण एवढीच की स्वामीनाथ कानांवर हात ठेवत होते. ही घडी आमच्याकडची नव्हेच, असं त्यांनी माझ्या नोटिशीला उत्तर पाठवलं.

अप्पाजींनी घडीचा कोपरा माझ्यापुढे धरला. तिथे टाक्यांचं तुळशीच्या पानाएवढं फूल होतं. त्या दवाखान्याच्या चादरी, डगले, घड्या, सगळं गेली दहा वर्षं तेच शिवत होते, आणि हे फूल त्यांच्या घराण्याबाहेर कुणी घालत नव्हतं. मी मनातल्या मनात निकालही वाचून टाकला. स्वतःच्या पोटातून स्वतःची शिलाई पुरावा म्हणून काढणारा अशील कुणाच्या नशिबी येतो!

तेवढ्यात अप्पाजींनी नखानं शिवण उसवली. आत दुमडून बसवलेली एक लांब फीत बाहेर आली.

डॉक्टरांनी प्रत्येक घडीला फीत लावायला सांगितली होती. ती जखमेबाहेर लोंबती ठेवायची, म्हणजे घडी आत हरवत नाही. पण तयार कामातून काहीतरी लोंबतंय, हे अप्पाजींच्या शिंपीपणाला सोसेना. त्या खेपेला त्यांनी बाराच्या बारा घड्यांच्या फिती सुबकपणे आत शिवून टाकल्या होत्या. आणि त्याच घड्या त्यांच्याच ऑपरेशनला उघडल्या गेल्या.

मी दार लावून घेतलं आणि त्यांना बजावलं की फितीचं नाव काढायचं नाही. पोट शिवण्याआधी घड्या मोजणं हे डॉक्टरांचं काम, तिथे दावा मजबूत आहे. फीत मात्र समोरच्या वकिलाच्या हाती लागली तर तो आपलीच सालटी काढील.

"अस्कं सांगाच पाह्यजे, वकीलसाब," अप्पाजी आपल्या घरच्या मराठीत म्हणाले; अस्कं म्हणजे सगळं. "अर्धं सांगून मज निद्रा येत नाही."

माझं डोकं फिरलं. तरी मुदतीच्या आत काही पदरात पडावं म्हणून त्यांना घेऊन मी स्वामीनाथांकडे गेलो. अप्पाजींनी घडी आणि फीत टेबलावर मांडली आणि तमिळमध्ये शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, फीत लपवली ती चूक माझी. मोजलं नाही ती तुमची. माझी मी सांगितली."

स्वामीनाथांनी घडी उचलून त्या टाक्यांच्या फुलावरून बोट फिरवलं. मग त्यांनी स्वतःहून कागद ओढला आणि चूक लिहून दिली. तंजावरचा खर्च आणि बुडालेल्या कामाची भरपाई कबूल केली. अप्पाजींनी आणखी एक अट घातली: यापुढे शिवण्याआधी मोजायचं, तेही मोठ्यानं. दावा दाखल झालाच नाही. नाव गाजवायची माझी संधी गेली, त्याचा राग मला अजून येतो.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या बायकोच्या, भवानीबाईंच्या, पोटात गाठ निघाली. अप्पाजी तिला स्वामीनाथांकडेच घेऊन गेले. मी वेड्यात काढलं, तर म्हणाले, तो आता डोळ्यांत तेल घालून मोजील. तरी त्या सकाळी ऑपरेशनच्या खोलीबाहेर बाकावर माझ्याशेजारी बसून अप्पाजी बोटांवर बारापर्यंत मोजत होते. या खेपेच्या बाराही फिती त्यांनी दुहेरी टाक्यांनी बाहेर लावल्या होत्या.

दाराआडून नर्स शिवकामीचं तमिळमधलं मोजणं ऐकू येऊ लागलं. ओन्‍रु, रेंडु, मूनु... अकरापर्यंत आली आणि थांबली. अप्पाजी उठून उभे राहिले. आत कुणीतरी काहीतरी हलवलं.

"पन्निरेंडु," शिवकामीनं बारावी घडी मोजली.

अप्पाजी हळूच खाली बसले आणि बंद दाराला म्हणाले, "अत्ता शिवा."