बाईंचा ट्रेलर

बाई डोळे मिटून अंगठ्याने भिंत दाबायच्या. ट्रेलरची प्लायवूडची भिंत, वरून खाली, वीत वीत सरकत. अंगठा कुठे जरासा आत गेला की डोळे उघडून म्हणायच्या, "नाही. मी सही करणार नाही."

सही कुणी मागितलेली नसे. पण बाईंची सगळी नोकरी पिंपरीकडच्या एका कारखान्यात, तपासणी विभागात गेली होती. त्यांच्या सहीशिवाय तिथून माल बाहेर पडत नसे. निवृत्त झाल्यावर नापास करायला काही उरलं नाही म्हणून बाईंनी हा जुना ट्रेलर विकत घेतला, असं आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत म्हणत. मीही हसायचो. खरं म्हणजे ट्रेलर आक्कांसाठी होता.

आक्का त्यांच्या थोरल्या बहीण. दोघी माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. आक्कांचे गुडघे पार गेलेले, त्यात परक्या ठिकाणच्या संडासाची धास्ती. कित्येक वर्षांत त्यांनी घराबाहेर रात्र काढली नव्हती. इच्छा मात्र एक होती. सकाळी डोळे उघडावेत आणि समोर पाणी दिसावं. त्यांच्या खिडकीतून दिसायचे ते आमचे वाळत घातलेले कपडे.

"आक्का घराबाहेर पडत नाही ना," बाई मला म्हणाल्या होत्या, "मग घरच उचलून नेऊ." दोन पलंग, शेगडीपुरता ओटा, पडद्याआड छोटा संडास. खडकवासल्याच्या पाण्याकाठी एक रात्र, एवढाच बेत. बाईंकडे गाडी नव्हती. माझ्याकडे होती, आणि मी हौसेने तिला मागे हूकही बसवून घेतला. ओढून न्यायचं मी, असं ठरलं.

त्यानंतरचे आमचे रविवार पार्किंगमध्ये गेले. मी आठवडाभर खराडीच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसणारा माणूस. हाताला ग्रीस लागलं की मला बरं वाटायचं. छताच्या सांध्यातून पाणी झिरपून कोपऱ्याचं प्लायवूड कुजलं होतं. बाईंनी तो भाग कापून काढला, नवा बसवला, सांधे भरून घेतले. मग परीक्षा. आतल्या कोपऱ्यांवर अंगाला लावायची पावडर भुरभुरायची आणि बाहेरून पाइपने पाणी मारायचं. जिथे पावडर काळवंडेल तिथे गळती. पावडरीवर लक्ष ठेवायला आक्का आत बसायच्या, डोक्यावर टॉवेल घेऊन.

"सहलीला नेते म्हणाली आणि पावसात बसवलंय," त्या आतून म्हणायच्या.

"आक्का, बोलू नकोस. कोपरा बघ."

"कोपराच बघतेय. या वयात दुसरं काय बघणार?"

सोसायटीचे सेक्रेटरी येता-जाता विचारत, "काय बाई, विमान कधी उडणार?" बाई वर न बघता सांगत, "तुमची स्कूटर धावपट्टीवरनं काढलीत की लगेच." स्कूटर त्या दिवसापुरती निघायची.

तुम्हीही अशी काटेकोर माणसं पाहिली असतील. ती इतरांना छळतात असं आपल्याला वाटतं. बाईंचा एक नियम होता: शंका आली की माल थांबला. मग ती शंका साहेबाची असो की झाडूवाल्याची. आपल्याला पटो न पटो, उघडून बघायचं. "शंकेला पगार विचारायचा नाही," त्या म्हणायच्या. मला हे फार आवडायचं.

आता माझं सांगतो. हूक बसवल्यावर एका सकाळी मी एकटाच ट्रेलर घेऊन कॉलेजमागच्या मोकळ्या मैदानावर गेलो. सरळ जाणं जमलं. मागे घेताना मी स्टिअरिंग डावीकडे वळवलं तर ट्रेलर उजवीकडे गेला, मी घाबरून उलटं वळवलं तर तो गाडीवरच चालून आला. हूक सोडून, ट्रेलर हाताने ढकलून सरळ करावा लागला. हे मी कुणालाच सांगितलं नाही. तेव्हापासून सिंहगड रस्त्याची गर्दी, मागे हॉर्न वाजवणारी बस आणि, त्या माझ्याबरोबर गाडीत बसणार असल्या तरी, ट्रेलरच्या आत आक्का, हे चित्र डोक्यातून जाईना. बाई दर रविवारी काहीतरी नापास करत आणि मला मनातून सुटल्यासारखं होई.

थंडीतल्या एका रविवारी बाईंचा अंगठा सगळीकडून फिरून आला आणि कुठेच आत गेला नाही. टायर नवे, दिवे लागत होते, पावडर कोरडी. आक्कांनी तर उशांना नवे अभ्रेही घातले होते. बाई माझ्याकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं? येत्या शनिवारी निघू या?"

आक्का खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होत्या.

चाक जॅकवर उचललेलंच होतं. मी ते हाताने फिरवलं. गुळगुळीत फिरलं. मी म्हणालो, "बेअरिंगचा थोडा आवाज येतोय का?"

बाईंनी कान लावला. चाक पुन्हा फिरवलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाना उचलला.

बेअरिंग उघडलं, धुतलं, पुन्हा ग्रीस भरलं. मग सील मिळेना. मिळालं तोवर ऊन एवढं वाढलं की पत्र्याखाली आक्कांना नेणं शक्य नव्हतं. मग पाऊस. पावसाळ्यातच आक्का न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर त्या अंथरुणातून उठल्या नाहीत. मी भेटायला गेलो की विचारायच्या, "चाक काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "झालंच आहे, आक्का." दिवाळीनंतर त्या गेल्या.

बाईंनी ट्रेलर विकायला काढला. घेणारा धरणापलीकडचा एक शेतकरी निघाला. फिरायला येणाऱ्यांसाठी त्याला खोलीसारखा हवा होता. "पोचवून द्याल?" बाईंनी विचारलं. मी हो म्हणालो. नाही म्हणण्याजोगं काही उरलंच नव्हतं.

बाई शेजारी बसल्या. मी सावकाश चालवत होतो, वळणं लांबून घेत होतो. बसने हॉर्न वाजवला आणि ती पुढे निघून गेली. ट्रेलर मुकाट मागे येत होता. धरणाच्या चौपाटीवरची कणसाची गाडी मागे पडली, पाणी दिसायला लागलं, आणि आम्ही पोहोचलोसुद्धा.

"लावा हितंच," शेतकरी म्हणाला. "झाड हाय, सावली हाय. सकाळी दार उघडलं की म्होरं पाणीच."

मागे घेताना दोनदा चुकलो. बाईंनी उतरून हाताने खुणा केल्या. तिसऱ्यांदा जमलं.

पाण्याकडे बघत त्या म्हणाल्या, "एवढंच होतं."

मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी चाकाला आवाज नव्हता."

"माहीत आहे. कान आहेत मला."

"मग उघडलंत का?"

"आक्काला बाहेर काही झालं तर काय करायचं, या विचाराने मला झोप लागत नव्हती. तुम्ही शंका काढलीत, मला बरं वाटलं." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "चला. उशीर होईल."

थोड्याच महिन्यांत त्या नाशिकला भाचीकडे राहायला गेल्या. फ्लॅटमध्ये आता विद्यार्थी राहतात. त्या दिवसानंतर आमच्यात या विषयावर बोलणं झालं नाही, नंतर फोनवरही नाही.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर मी तसाच सावकाश येत होतो. प्रत्येक वळण लांबून, प्रत्येक वळणाला आरशात बघत. बाई समोर रस्त्याकडे पाहत होत्या. वारज्याजवळ त्या हळूच म्हणाल्या, "अहो, मागे काही नाहीये आता."