माझ्यामागे किती जण

रोज सकाळी कामावर निघण्याआधी आत्या दाराजवळच्या स्टुलावर बसून पत्त्यांच्या गठ्ठ्यातून दोन पानं ओढायची. मनाशी एक आकडा धरायची आणि म्हणायची, "मागे आठ. टाकली." किंवा, "मागे दोन. उघडते." मग गठ्ठा खणात सरकवून ती एक्स-रे विभागाकडे चालू लागायची. तिथे ती पंधरा वर्षं लोकांच्या बरगड्या आणि मनगटं बघत होती.

तो आकडा म्हणजे डावात आपल्यानंतर बोलणाऱ्यांची, म्हणजे ज्यांची पाळी अजून यायची आहे त्यांची संख्या. पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात; ती टाकून डाव सोडायचा, नाहीतर पहिली पैज लावून डाव उघडायचा. मागे जितकी जास्त माणसं, तितकी कुणाच्या तरी हातात आपल्याहून भारी पानं असण्याची धास्ती जास्त. म्हणून पहिल्यांदा बोलताना ती निवडक हातच खेळायची आणि शेवटी बोलताना सैल सुटायची.

बाबांना हे पटत नसे. "दहा डावांत आठ वेळा पानं फेकतेस. भित्री भागूबाई आहेस झालं."

"दादा, फेकलेल्या पानांनी मला कधी हरवलंय का, ते सांग."

आत्या ज्या पोकर क्लबात खेळायची, त्याच्या संघात चार जागा होत्या. तिघांची निवड झाली होती. चौथी जागा सलग तीन वर्षं क्लबच्या सेक्रेटरींना मिळाली होती, अनुभवाच्या नावाखाली. या वर्षी आत्या अडून बसली, तेव्हा ठरलं की रविवारच्या स्पर्धेत दोघांपैकी जो जास्त टिकेल तो संघात.

सेक्रेटरी निवृत्त विमा एजंट. कोणत्या खुर्चीवरून कोणती पानं खेळायची याचा तक्ता त्यांना तोंडपाठ होता. तो तक्ता नऊ जणांच्या टेबलाचा होता. दुपारपर्यंत टेबलावर पाचच जण उरले, तरी पहिली पाळी आली की ते मागे आठ जण असल्यासारखी चांगली चांगली पानं टाकून देत होते. दर डावाला दोघांना पानं न बघताच चिप्स, म्हणजे पैशांच्या जागी वापरायच्या चकत्या, लावाव्या लागतात, त्यामुळे नुसतं बसून राहणंही महाग पडतं. त्यांचा ढीग वितळत चालला होता. आत्याचाही फार उंच नव्हता.

मग आत्याची पहिली पाळी आली. हातात किलवरचे राजा आणि गुलाम. मी तिच्या पाठीशी बसले होते. आदल्याच सकाळी स्टुलावर हीच पानं "मागे आठ" म्हणून टाकलेली मी पाहिली होती. तिने टेबलावरून एकदा नजर फिरवली, माणसं मोजली.

"मागे चार," ती पुटपुटली आणि चिप्स पुढे सरकवल्या. "उघडते."

तिघांनी पानं टाकली. राहिले सेक्रेटरी.

"पहिल्या खुर्चीवरून उघडतेय," ते शेजारी खेळत असलेल्या इलेक्ट्रिशियनला म्हणाले. "हिच्याकडे जोडी असणार. एक्क्यांची, नाहीतर राजांची. मी ओळखतो हिला."

"मग टाका की, साहेब. भाषण कशाला?"

त्यांनी टाकली, आणि आपण कसे वाचलो हे दाखवायला उघडी टाकली. एक्का-दहा, म्हणजे आत्याच्या पानांहून भारी. आत्याने आपली पानं पालथीच सरकवली आणि मधल्या चिप्स ओढून घेतल्या.

पुढच्याच डावात इलेक्ट्रिशियनने उघडलं. सेक्रेटरींनी वैतागून उरलंसुरलं सगळं एक्का-पंजावर लोटलं. इलेक्ट्रिशियनकडे राण्यांची जोडी निघाली आणि सगळ्यांसाठी टेबलावर मांडतात त्या पाच पानांत एक्का काही आला नाही.

सेक्रेटरी उठले. खुर्ची नीट आत सरकवली आणि संघाच्या कागदावर चौथ्या ओळीत आत्याचं नाव स्वतःच्या हाताने लिहिलं. तेवढं त्यांचं मानायला हवं.

"बाई, आता तरी सांगा. एक्के होते ना?"

"राजा-गुलाम."

"पहिल्या खुर्चीवरून?"

"खुर्ची कोण बघतं? माझ्यामागे चारच जण होते."

इलेक्ट्रिशियन इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. सेक्रेटरी खिशातला तक्ता काढून पुन्हा वाचू लागले.

आत्या त्या दिवशी दुसरी आली. बाहेर आल्यावर तिने बाबांना फोन लावला. तिचा चेहरा इतका उजळलेला मी आधी पाहिला नव्हता. आवाज मात्र नेहमीचाच.

"हो, मिळाली चौथी जागा. भागूबाईला मिळाली. नाही, रडत नाहीये. बरं ऐक, गॅलरीतले कपडे आत घे, आम्ही पोचतोच."