समोरचा एक चेहरा

जुन्या हुबळीत आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणायची. त्या दवाखान्यात आयाचं काम करायच्या. सभेत बोलायला उठण्याआधी त्यांचे हात गार पडत आणि त्या माझा हात धरून बसत. उभ्या राहिल्या की मात्र गर्दीतला एकच चेहरा निवडून, घरात बसल्यासारख्या त्याच्याशी बोलत, मराठीतून कन्नडात आणि पुन्हा मराठीत. ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटे, आपल्याशीच बोलताहेत.

आणीबाणीत नळाच्या पाण्यासाठी सभा भरली. बोलणाऱ्याला उचलून नेण्याचे दिवस होते ते. कडेला साध्या कपड्यांतला पोलीस उभा होता. सगळे त्याला ओळखत होते. अक्कांनी नेमका त्याचाच चेहरा निवडला.

"अण्णा, तुमच्या घरी पाणी कोण भरतं?"

तो गडबडला. "अव्वा. आई भरते."

"वय काय त्यांचं?"

"सत्तर," त्याने मान खाली घालून सांगितलं. मग अक्का त्या म्हातारीबद्दलच बोलत राहिल्या, आवाज कापेपर्यंत. बायका डोळे पुसू लागल्या.

सभा संपली तसा तो थेट आमच्याकडे आला.

"पुढची सभा कधी, अक्का?"

अक्कांनी वार सांगितला. तो साहेबांसाठी विचारत होता की स्वतःसाठी, काही कळेना.