हे कारण आधीच लिहून झालंय

आदरणीय दरेकर बाईंना साठ वर्षं पूर्ण होत असताना निघणाऱ्या या गौरव अंकात आमच्या दहावी ‘ब’च्या वतीनं मी लिहावं, असं वर्गानं ठरवलं. ठरवलं म्हणजे बैठकीत बाकीच्यांनी न लिहिण्याची कारणं सांगून टाकली आणि मी उशिरा पोचल्यामुळे माझ्यासाठी एकही उरलं नाही. बाईंच्या हाताखालून गेलेल्या वर्गाकडून याहून वेगळी अपेक्षा कुणी करू नये.

बाईंची आणि माझी पहिली भेटही उशीर झाल्यामुळेच झाली. पाथर्डी तालुक्यातलं आमचं हायस्कूल माळावर, आणि मी वस्तीवरून चालत यायची. आठवीच्या पहिल्याच दिवशी घंटा होऊन दहा मिनिटं झाल्यावर मी दारात उभी राहिले आणि सवयीनं छडीसाठी हात पुढे केला. बाईंनी त्या हातावर एक जाडजूड वही ठेवली. “कारण लिहा. खरं लिहा. आणि या वहीत एकदा आलेलं कारण पुन्हा चालणार नाही, मग ते कुणाचंही असो,” असं त्या शांतपणे म्हणाल्या. बाई विद्यार्थ्यांनाही अहो-जाहो करत. त्यामुळे रागावल्या आहेत की पाहुणचार करताहेत, हे तीन वर्षांत आम्हाला कळलं नाही.

ही वही आमच्या आधीच्या तुकडीपासून चालत आलेली होती. म्हणजे पोट दुखणं, सायकल पंक्चर होणं, आजी आजारी पडणं ही सगळी चांगली कारणं आधीच्यांनी वापरून टाकली होती. मी लिहिलं, ‘चपलेचा अंगठा तुटला.’ बाईंनी मागची पानं सावकाश चाळली, पायाकडे पाहिलं, सही केली आणि म्हणाल्या, “बसा.”

दिवाळीपर्यंत वर्गाची अवस्था बिकट झाली. एखाद्याची म्हैस सुटली, तर तो धापा टाकत शाळेत यायचा, दुसऱ्या कुणी म्हैस लिहिण्याच्या आत आपली नोंद व्हावी म्हणून. काहींना तर वेळेवर येणंच सोपं वाटू लागलं. दत्तू मात्र हार मानणारा नव्हता. एका सोमवारी त्यानं लिहिलं, ‘आमचा कोंबडा काल बाईंच्या यजमानांनी विकत नेला. त्यामुळे घरात कुणालाच जाग आली नाही.’ बाईंनी ते दोनदा वाचलं. रविवारचं जेवण त्यांना आठवलं असावं. त्यांनी सही केली आणि तो तास आम्हाला मूकवाचन दिलं.

नियम बाईंनाही होता. एकदा त्या पाच मिनिटं उशिरा आल्या, तर वर्गप्रतिनिधी सुमननं वही त्यांच्यापुढे धरली. बाई दाराबाहेर उभ्या राहिल्या आणि त्यांनी लिहिलं, ‘चिंचेमागे तुमच्यातले तिघे कारण शोधत बसले होते. ते माझ्या आधी वर्गात पोचावेत म्हणून वाटेत थांबले.’ ते तिघे कोण, हे वहीत नाही. मी त्यातली एक होते.

आता ज्यासाठी मी लिहायला बसले ते सांगते. दहावीच्या दिवाळीनंतर थोरल्या भावाचा हात मोडला. माझे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जात. भाऊ मोळ्या बांधायचा. त्या साली त्याच्या जागी मला नेलं. पुणतांब्याजवळच्या एका उसाच्या फडात आमची कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, उभी राहिली. दप्तर मी सोबत घेतलं होतं, पण ते उघडलं नाही. दहावी आता आपली नाही, हे मला कळून चुकलं होतं. रडूही येत नव्हतं, कारण मोळ्या बांधताना रडायला हात रिकामे लागतात.

एका दुपारी फडाच्या बांधावरून बाई येताना दिसल्या. दोन एसटी बदलून आल्या होत्या. खांद्याला कापडी पिशवी, साडीला कुसळं. वडील कोयता ठेवून उठले.

“बाई, पोरगी हुशार हाय, आमाला काय ठावं न्हाई व्हय? पन तिला न्यायला आला असाल तर जमायचं न्हाई. मान्सं कमी हायेत.”

“मी न्यायला आले नाही,” बाई म्हणाल्या. “एकोणीस दिवस झाले, या गैरहजर आहेत. वहीत कारण नाही. तेवढं लिहून घेते आणि जाते.”

मी लिहिलं, ‘ऊसतोडीला गेले.’ बाईंनी मागची पानं चाळली, एका ओळीवर बोट ठेवलं आणि वही वडिलांपुढे धरली. “हे कारण चालत नाही. आधीच्या तुकडीतल्या एका मुलीचं लिहून झालंय. हे बघा.”

वडिलांनी वाकून बराच वेळ पानाकडे पाहिलं. मग म्हणाले, “बरं. मंग भावाचा हात मोडला असं लिवा.”

“हात मोडला हे आठवीत आलंय.”

“आई आजारी.”

“ते तर पहिल्याच पानावर आहे.”

तोवर शेजारच्या कोप्यांमधली माणसं जमली. कुणी म्हणालं, रस्ता वाहून गेला म्हणा. कुणी म्हणालं, बैल बिथरला. मुकादमानंही दोन कारणं सुचवली. बाई प्रत्येक वेळी पान उलटत आणि मान हलवत. उसाचा अख्खा फड अर्धा तास माझ्यासाठी कारण शोधत होता, आणि कुणालाच सापडत नव्हतं. शेवटी वडील खाली बसले.

“मंग कारन न्हाई ऱ्हायलं.”

“नसेल तर उद्या हजर राहायला हवं,” बाई म्हणाल्या.

वडील आईकडे बघून म्हणाले, “मोळ्या म्याच बांधीन. लई झालं तर चार दिस जादा लागत्याल. जाऊ दे तिला.” आईनं माझं दप्तर झटकलं आणि माझ्या हातात दिलं.

परीक्षेपर्यंत मी बाईंच्याच घरी राहिले. बाईंचे यजमान मला रोज पहाटे उठवायचे, कोंबड्याची जबाबदारी आपल्यावर आली असं म्हणत. मी पास झाले, पुढे परिचारिका झाले. सध्या काष्टीजवळच्या एका आरोग्य उपकेंद्रात आहे. गोळ्या का चुकल्या, हे लोक मला रोज सांगतात. एकदा सांगितलेलं कारण मी पुन्हा ऐकून घेत नाही, त्यामुळे पंचक्रोशीत माझ्याविषयी फारसं बरं बोललं जात नाही.

या अंकात छापायला म्हणून गेल्या महिन्यात आम्ही बाईंच्या हल्लीच्या पारनेरच्या घरून ती वही आणली. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा पाहिली. ‘ऊसतोडीला गेले’ हे वाक्य त्यात एकदाच आहे, आणि ते माझं आहे. आधीच्या तुकडीतल्या कुणी ते लिहिलेलंच नव्हतं. लिहिणार तरी कोण? ऊसतोडीला गेलेली मुलं वही भरायला परत येतच नसत. ‘खरं लिहा’ म्हणणाऱ्या बाई वही हातात धरून धडधडीत खोटं बोलल्या होत्या. त्या पानावर डोकं ठेवून मी रडले, हे इथे सांगायला मला संकोच नाही.

घरी जाऊन वडिलांना हे सांगितलं. ते तंबाखू मळत म्हणाले, “मला तवाच ठावं हुतं. म्या चौथी शिकलोय. बाईनी बोट ठिवलं हुतं तिथं शेळी व्याली असं लिवलं हुतं.”

“मग तुम्ही बोलला का नाही?”

“बाई येवढ्या लांबनं खोटं बोलाया आल्या हुत्या. त्यास्नी रिकाम्या हातानं कसं लावून द्यायचं?”

बाई, हे तुम्हालाही आज हा लेख वाचूनच कळत असेल.

वहीच्या शेवटी सतरा पानं कोरी होती. परत करण्याआधी आम्ही सगळे शाळेत जमलो आणि ती भरून टाकली. गुडघे, रक्तदाब, साखर, दम, धाप, वय झालं, थकवा आला, आता पुरे झालं, सगळं लिहिलं. काही राहू नये म्हणून परिचारिका या नात्यानं मी स्वतः तपासलं. दत्तूनं खाली तारीख टाकली, सुमननं सही केली. तेव्हा बाई, आम्हाला सोडून जायला तुमच्यापाशी एकही कारण उरलेलं नाही. उद्या हजर राहा. परवाही राहा.