ती त्यांची गादी, ही माझी

गादीच्या कारखान्यात आम्ही त्याला कोपर म्हणायचो. तयार झालेल्या प्रत्येक गादीच्या कडेवर तो कोपर रोवून अंगाचं सगळं वजन टाकायचा. कड बसली की टाके उसवून पुन्हा भरायचा. मुकादम ओरडायचा, "अरे, गिऱ्हाईक काय कडेवर नाचणार आहे?" कोपर ऐकून घ्यायचा आणि उसवायचा. निवृत्त होईपर्यंत त्याची एकही गादी परत आली नाही. मी शेजारीच बसायचो, माझ्या आल्या.

बायको गेल्यावर तो एकटा होता. मग मुलगी तान्ह्या बाळाला घेऊन राहायला आली. नवऱ्याची बदली लांब झालेली, तिची दुकानातली नोकरी इथेच. दिवसा बाळ आजोबांनी सांभाळायचं ठरलं. ते जमलं नसतं तर तिची नोकरी सुटली असती.

बाळाबरोबर त्याची घडीची खाट आली. नळ्यांचा सांगाडा, चारी बाजूंना जाळी, तळाला बोटभर जाडीची चटई. कोपरने चटई दाबली आणि नाक मुरडलं.

"यावर पोर झोपवायचं? माझी चप्पल याच्यापेक्षा जाड आहे."

आठवडाभर खपून त्याने गादी शिवली. कापूस हाताने पिंजला. मला दाभणात दोरा ओवू दिला, टाके घालू दिले नाहीत. गादी वीतभर जाड झाली आणि खाटेत चपखल बसली.

मुलगी कामावरून आली, बघून हसली. "बाबा, त्याला झोपायचंय, राज्याभिषेक नाही करायचा." मग तिने खाटेवर शिवलेली सूचना दाखवली: आतल्या चटईखेरीज दुसरी गादी घालू नये. फोनवर एक बातमीही काढली. अशा खाटांसाठी वेगळी गादी विकणाऱ्या एका कंपनीने विकलेल्या सगळ्या गाद्या परत मागवल्या होत्या.

"परत मागवल्या? मग शिवण सुटली असणार."

"शिवणीचं नाही, बाबा. बाळ कडेला अडकतं."

"कड कच्ची असेल. ती त्यांची गादी, ही माझी."

"तरी नको."

तिने गादी कपाटामागे उभी केली. कोपर दोन दिवस धड जेवला नाही. मला त्याचंच खरं वाटत होतं. तसली कड मी दुसरी पाहिली नव्हती.

मग एका दुपारी बाळ किरकिर करू लागलं. कोपरने गादी काढून खाटेत घातली, बाळाला उताणं ठेवलं. ते लगेच झोपलं. "बघ," तो मला म्हणाला. आम्ही चहा घेत बसलो. जरा वेळाने तो सहज बघायला उठला.

बाळ कुशीवर वळून कडेला गेलं होतं. कड जराही बसली नव्हती. जाळी मात्र बाहेर फुगली होती, आणि गादी-जाळीमधल्या फटीत बाळाचं तोंड उतरलं होतं. लाकडी खाटेची बाजू हलत नाही. आम्ही जन्मभर तसल्याच खाटांच्या गाद्या केल्या.

कोपरने त्याला उचललं. आधी आवाजच नाही. मग ते लालबुंद होऊन रडलं. तोवर बाळाने हूं की चूं केलं नव्हतं, आणि आम्ही दोन हातांच्या अंतरावर बसलो होतो.

"तिला सांगणार?" मी विचारलं.

"सांगितलं तर घेऊन जाईल त्याला."

"मग?"

त्याने एका हाताने गादी खाटेतून ओढून काढली.

मुलगी दारात चपला काढत होती तेवढ्यात त्याने सांगितलं. काही गाळलं नाही. ती बाळाला तशीच डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाळ ठणठणीत होतं. परत आल्यावर तिने खोलीचं दार आतून लावून घेतलं.

सकाळी मी गेलो तेव्हा कोपर जमिनीवर बसून गादी उसवत होता. शेजारीण दारातून म्हणाली, "अहो, नको असेल तर द्या की. माझ्या भाचीला बाळ झालंय."

"कापूस न्या. मोठ्या माणसाची उशी करा. गादी मिळणार नाही."

मुलगी बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली. खांद्याला बाळाच्या कपड्यांची भरलेली पिशवी होती. कापसाच्या ढिगापाशी ती थांबली. उसवलेली खोळ बघितली. मग पिशवी खाली ठेवली आणि बाळाला खाटेत, त्या बोटभर चटईवर, उताणं निजवलं.

"दुपारी फोन करीन, बाबा."

"कर."

"दोनदा करीन."

"दहादा कर."