लीलाताईंचं ओगराळं

सकाळी साडेसातला फोन आला. लीलाताईंचा मुलगा संजय बोलत होता. "काका, आई गेली काल." यावर माणूस काय बोलेल? मी विचारलं, "कशाने? डॉक्टरकडे कधी नेलं? कोणत्या?" बिचारा एकेक उत्तर देत राहिला... छातीत कळ आली, रिक्षात घातलं, दवाखान्याच्या दारातच सगळं संपलं. फोन ठेवला तेव्हा बायको म्हणाली, "अहो, त्याचं सांत्वन करायचं सोडून फॉर्म काय भरत बसलात?" खोटं नव्हतं ते. माझा स्वभावच संशयी. देवळातला प्रसादसुद्धा कालचा तर नाही ना, हे हुंगून मग मी तोंडात टाकतो. या स्वभावावर माझा संसार चालला आणि याच स्वभावापायी मी लीलाताईंच्या पोटावर पाय दिला.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. एका संस्थेने नाशकातल्या वस्त्यांमध्ये आरोग्याची पाहणी काढली होती. लोक पाणी उकळून पितात का, हात कधी धुतात, ताप आला तर सरकारी दवाखान्यात जातात की आणखी कुठे, असे प्रश्न. बायका घरोघर जाऊन फॉर्म भरायच्या आणि मी त्यांचा सुपरवायझर, म्हणजे खोटे फॉर्म पकडणारा. घरी पंख्याखाली बसून मनानेच उत्तरं लिहिणारे मी पुष्कळ पकडले होते. एका बहाद्दराने तर वारलेल्या माणसाची मुलाखत आणून दिली होती. लीलाताई पंचवटीतल्या, माहेर सायखेड्याचं. दहावी शिकलेल्या, नवरा लवकर गेलेला. पहाटे बाजारात मेथीच्या जुड्या विकायच्या आणि मग आमच्या कामावर यायच्या. संजयची शाळा या कामावर चालली होती, हे मला ठाऊक होतं.

बाकीच्या बायकांच्या फॉर्मवर सगळीकडे एकच. पाणी उकळतो, साबणाने हात धुतो, सरकारी दवाखान्यात जातो. लीलाताईंच्या फॉर्मवर त्याच गल्लीचं भलतंच चित्र. पाणी उकळत नाहीत, ताप आला की कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडून सुई टोचून घेतात. त्यात फॉर्मला घडी नाही, डाग नाही, सगळं अक्षर एका बैठकीतलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. मी त्यांच्या मागावर राहिलो. एका दुपारी त्या मला घाटाच्या पायरीवर दिसल्या, एकट्याच, एकामागून एक फॉर्म भरत. समोर ना माणूस, ना घर. म्हटलं, सापडली.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात रजिस्टर घेऊन मी त्यांच्या फॉर्मांवरच्या घरांची फेरतपासणी केली. एका घरच्या आजींना विचारलं, लीलाताई आल्या होत्या का? "आल्या व्हत्या की. पन इचारलं काय नाय. वाटाणे सोलू लागल्या, गप्पा मारल्या, पाणी पिऊन गेल्या." मी विचारलं, पाणी उकळता का? "हो साहेब, उकळल्याशिवाय नाय पीत आम्ही." आणखी काय पुरावा हवा होता? मुलाखत न घेता फॉर्म भरले, असं मी लिहून दिलं. लीलाताईंचं काम गेलं. त्या भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "साहेब, तुम्ही त्या घरात पाणी प्यायले का?" मला तो उद्धटपणा वाटला. मी कुणाच्याच घरचं पाणी पीत नसे. खांद्याला माझी बाटली असायची, घरून उकळून, गाळून आणलेली.

दोन-तीन वर्षांनी त्याच गल्लीत कावीळ पसरली. पत्रकं वाटणाऱ्यांत मीही होतो. उन्हात बाटली संपली, घशाला कोरड पडली, म्हणून त्याच आजींच्या ओट्यावर टेकलो आणि पाणी मागितलं. आजींनी पेला माठात बुडवला, मनगटापर्यंत हात आत. "उकळलेलं आहे ना?" मी विचारलं. "हो साहेब," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या मागे त्यांची सून नळावरून आणलेली कळशी थेट माठात ओतत होती. मी पेला खाली ठेवला. ऑफिसात जाऊन जुना गठ्ठा सोडला. या घराच्या फॉर्मवर, कडेला, तेव्हा मी न वाचलेलं लीलाताईंचं बारीक अक्षर होतं: "पेला बोटांसकट बुडवला. पाणी काढायचं ओगराळं खुंटीला, धूळ बसलेली." पेन काढलं की घरातल्या बायका शहाण्यासारखं बोलतात, हे त्यांना कळलं होतं. म्हणून त्या पाणी मागायच्या, बघायच्या आणि घाटावर बसून लिहायच्या. नियमाने हे चूकच, आजही मी तसंच म्हणेन. पण माझ्या नियमात बसलेले सगळे फॉर्म खोटे होते.

माफी मागायला म्हणूनच मी त्यांच्या घरी गेलो. तोवर त्या अंबडला एका कारखान्यात पॅकिंगला लागल्या होत्या. पायाला सूज, दिवसभर उभं राहून. मला बघून त्या हसल्या, खुंटीवरचं लांब दांड्याचं ओगराळं काढलं, माठातलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. आणि मी, कर्मदरिद्री माणूस, त्या पेल्याकडे बघत राहिलो... "आत्ताच चहा झालाय," म्हणालो. त्या म्हणाल्या, "उकळलेलं हाय म्हनलं तरी तुमचा इश्वास नाय बसायचा, साहेब." माफी न मागताच मी उठलो. पुढे वर्षा-दोन वर्षांनी जात राहिलो, संजयच्या लग्नालाही गेलो. पाणी कधी प्यायलो नाही आणि ते दोन शब्दही कधी बोललो नाही. माझा तो अहवाल आजही कुठल्यातरी कपाटात तसाच असेल, त्यात लीलाताई खोटारड्या आहेत. त्या खोटारड्या नव्हत्या. हे त्यांच्यासमोर कधी म्हणालो नाही, याची मला लाज वाटते.

दहाव्यानंतर भेटायला गेलो. संजयची बायको आत गेली, स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "चहा नको गं." ती दारात येऊन संकोचून म्हणाली, "चहा नाही, काका. पाणी ठेवलंय. आईंनी सांगून ठेवलं होतं, पुढच्या खेपेला साहेब आले की पाणी त्यांच्यासमोर उकळायचं, नाहीतर ते तहानलेलेच जातात."

मी उठून आत, स्टोव्हपाशी गेलो. मग म्हटलं, "बंद कर तो स्टोव्ह. माठातलंच दे." तिने खुंटीवरचं ओगराळं काढलं, माठात सोडलं, पेला भरला. माझी नजर तिच्या बोटांवरच होती. बोटं कोरडी होती. मी सगळं पाणी प्यायलो आणि आणखी मागितलं.